विलायतेचा काडीमोड आणि दुर्बलांची सनद



विलायतेने युरोपीय संघाशी असलेला संबंध तोडला, त्याचे आपल्याला काय, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. मुलाची शिष्यवृत्ती, जातपडताळणीचा दाखला आणि घराचा उतारा यांच्या विवंचनेत असलेल्या कुटुंबाने सात समुद्रांपलीकडच्या काडीमोडाची चिंता का वाहावी? परंतु आपण स्वतः एक घर सोडून आलेले लोक आहोत. ज्या घराने आपणांस उंबऱ्याबाहेर ठेवले ते सोडावे की त्यात राहून सुधारावे, हा वाद आपल्या वडिलांनी आणि आजोबांनी घातलेला आहे. म्हणून दुसरे कोणी घर सोडण्याचा वाद घालते, तेव्हा तो वाद कसा घातला गेला आणि त्यात दुबळ्यांचे काय झाले, हे पाहण्याचा अधिकार आपल्याइतका क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल.

प्रथम घडले काय ते पाहू. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी त्या वेळच्या युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाले. १९७५ च्या जून महिन्यात त्यात राहावे की नाही यावर सार्वमत झाले आणि ६७ टक्के मतदारांनी राहण्याचा कौल दिला. पुढे त्या समुदायाचा संघ झाला. सभासद देशांस संघ सोडण्याचा मार्ग लिस्बनच्या करारातील ५० व्या कलमाने लिहून दिला. तो करार डिसेंबर २००९ मध्ये अमलात आला. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये पुन्हा सार्वमत झाले. ७२ टक्के मतदारांनी मत दिले; ५१.९ टक्के सोडण्याच्या बाजूस आणि ४८.१ टक्के राहण्याच्या बाजूस गेले. अंतर सुमारे बारा लाख सत्तर हजार मतांचे. इंग्लंड आणि वेल्स यांनी सोडण्याचा कौल दिला, तर स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनी राहण्याचा. साडेतीन वर्षांच्या झगड्यानंतर ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले आणि संक्रमणाचा काळ त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरास संपला.

अशा प्रश्नाचा विचार कसा करावा याचा वस्तुपाठ बाबासाहेबांनी आपणांस घालून दिलेला आहे. १९४० साली पाकिस्तानच्या मागणीवर त्यांनी ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी आधी मुसलमानांची बाजू मांडली, मग हिंदूंची मांडली, आणि त्यानंतरच तोलण्यास हात घातला. त्याच रीतीने पाहू गेल्यास ब्रिटनमध्ये दोन्ही पक्षांच्या पदरी काही सत्य होते. सोडा म्हणणारे विचारीत होते की, आमचे कायदे आम्ही निवडलेल्या पार्लमेंटने करावेत की ब्रुसेल्स येथे बसलेल्या यंत्रणेने? मजुरी उतरते आहे, घरे मिळत नाहीत, आणि देशात कोणी यावे हे ठरविण्याचा अधिकार आम्हांस का नसावा? राहा म्हणणारे सांगत होते की, मोठी बाजारपेठ आणि मुक्त संचार यांवर लाखो लोकांची भाकरी अवलंबून आहे, आणि एकमेकांशी दोन महायुद्धे लढलेले देश या संघामुळेच एका मेजाभोवती बसले आहेत. यांपैकी कोणताही पक्ष मूर्खांचा नव्हता.

परंतु वाद सत्याच्या बळावर चालला नाही. संघास दर आठवड्यास पस्तीस कोटी पौंड पाठविले जातात, असे सोडणाऱ्यांच्या प्रचारगाडीवर मोठ्या अक्षरांत रंगविले होते. त्या देशाच्या सरकारी सांख्यिकी प्राधिकरणाने तो आकडा दिशाभूल करणारा असल्याचे मतदानापूर्वीच बजावले, तरी गाडी फिरतच राहिली. उलट बाजूस अर्थमंत्र्यांनी धमकी घातली की, तुम्ही सोडण्यास मत दिलेत तर तातडीचा अर्थसंकल्प आणून कर वाढवावे लागतील. तसा अर्थसंकल्प आला नाही. मतदानास आठवडा उरला असता पार्लमेंटच्या सभासद जो कॉक्स यांचा भररस्त्यात खून झाला. मतदानानंतर, जुलै २०१६ मध्ये, वंशद्वेषाच्या आणि धर्मद्वेषाच्या गुन्ह्यांची पोलिसांकडील नोंद आदल्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी अधिक भरली. सार्वमताच्या मतपत्रिकेवर काळ्यागोऱ्याचा प्रश्न छापलेला नव्हता. तरी रस्त्यावर त्याचे उत्तर मात्र काळ्या कातडीच्या आणि परक्या उच्चाराच्या माणसांस मिळाले.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. या सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकास राष्ट्रकुलाचा रहिवासी म्हणून मत होते. पण तेथे वीस वर्षे घाम गाळून कर भरणाऱ्या पोलिश गवंड्यास ते नव्हते. ज्याचे घरदार पणास लागले होते तो वादात मुका होता. तेथे शिकणारे आणि नोकरी करणारे आपलेही बांधव नाव नोंदवून मत देऊ शकत होते. मुंबईकर आणि पुणेकर मतदार झाला, आणि वॉर्साचा शेजारी झाला नाही! गोव्यातील ज्या कुटुंबांनी १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज अमलाच्या आधारे पोर्तुगालचे नागरिकत्व घेऊन स्विंडनसारख्या गावी संसार थाटले, त्यांनाही युरोपीय म्हणून येण्याचा तो दरवाजा १ जानेवारी २०२१ पासून बंद झाला. हक्क कोणत्या कागदावर उभा आहे हे ठाऊक नसले, म्हणजे कागद फाटतो त्या दिवशीच माणसाला कळते.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. तो कायद्याचा असला तरी कठीण नाही. ब्रिटनला आपल्यासारखी एका ग्रंथात लिहिलेली राज्यघटना नाही. तेथे पार्लमेंट सर्वश्रेष्ठ. साध्या बहुमताने ते कोणताही हक्क देऊ शकते आणि काढूनही घेऊ शकते. आपल्याकडे १३ वे कलम मूलभूत हक्कांविरुद्धचा कायदा निरर्थक ठरविते आणि ३२ वे कलम नागरिकास थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याचा हक्क देते. बाबासाहेबांनी घटनासमितीत या कलमास घटनेचे हृदय आणि आत्मा म्हटले ते उगीच नव्हे. ब्रिटनमध्ये असे दार नव्हते. युरोपीय संघात असेपर्यंत मात्र संघाचा कायदा पार्लमेंटच्या कायद्याहून वरचढ मानला जाई, आणि त्याच्याशी विसंगत असलेला कायदा न्यायाधीश बाजूस सारू शकत.

याचा उपयोग कोणाला झाला? एकच उदाहरण देतो. लंडनमधील सुदानच्या वकिलातीत एक स्त्री स्वयंपाक करीत होती आणि लिबियाच्या वकिलातीत दुसरी घरकाम करीत होती. दोघीही मोरोक्कोच्या. कामावरून काढल्यावर त्यांनी दाद मागितली, तेव्हा परकी राज्यसत्ता आमच्या न्यायालयापुढे येऊ शकत नाही, असे १९७८ चा ब्रिटिश कायदा आडवा आला. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. कामाचे तास आणि वंशभेद यांसंबंधीच्या ज्या तक्रारी संघाच्या कायद्यातून उद्भवल्या होत्या, त्यांच्यापुरता तो कायदा संघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेच्या बळावर बाजूस सारला गेला आणि त्या बायांची फिर्याद चालू शकली. किमान वेतनासारख्या ज्या तक्रारी केवळ देशी कायद्याच्या होत्या, त्यांबाबत न्यायालय एवढेच म्हणू शकले की, हा कायदा मानवी हक्कांशी विसंगत आहे. बाकी पार्लमेंटने पाहावे. कायदा दुरुस्त व्हावयास २०२३ साल उजाडले. एकाच मोलकरणीच्या दोन तक्रारी: एकीला सनदेचा आधार होता म्हणून दार उघडले, दुसरीला नव्हता म्हणून ती उंबऱ्यावर थांबली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्या वादात तो सर्रास पसरला होता. १९५० चा मानवी हक्कांचा युरोपीय करार आणि स्ट्रासबर्ग येथील त्याचे न्यायालय ही युरोपीय संघाची नव्हेत. संघाचे न्यायालय लक्झेंबर्ग येथे आहे. संघ सोडल्याने पहिला करार सुटला नाही. गेली ती संघाची सनद. २०१८ च्या कायद्याने संघाचे बरेचसे जुने नियम देशी कायद्यात कायम ठेवले. सनद मात्र नेमकी वगळली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लॉर्डस् सभेने ती राखण्याची दुरुस्ती संमत केली होती. कॉमन्स सभेने ती उलटविली. कामगारांच्या हक्कांचेही तसेच. २०१९ च्या ऑक्टोबरातील विधेयकात त्यांच्या संरक्षणाची तरतूद होती. डिसेंबरात निवडणूक झाली, सरकारास भक्कम बहुमत मिळाले आणि नव्या विधेयकातून ती तरतूद गळाली. वेगळा कायदा आणू, असे वचन देण्यात आले. २०२४ मध्ये पायउतार होईपर्यंत त्या पक्षाच्या सरकारांनी तो आणला नाही. कामगारहक्कांचे विधेयक आले ते दुसऱ्या पक्षाचे सरकार आल्यावर. गरजवंताला वचन आणि बलवंताला कलम, हा जगाचा जुना व्यवहार आहे.

मग ज्यांनी लिहून घेतले त्यांचे काय झाले? ब्रिटनमध्ये आधीपासून राहणाऱ्या युरोपीय नागरिकांचे हक्क माघारीच्या करारात लिहिले गेले. त्यांना अर्ज करावे लागले, मुदती पाळाव्या लागल्या, त्रासही झाला. पण हातात करार होता. उत्तर आयर्लंडमधील जनतेसाठी १९९८ च्या शांतता-करारातील हक्क संघत्यागामुळे कमी होणार नाहीत, असे कलम घालण्यात आले. याच्या उलट, पन्नासच्या आणि साठच्या दशकांत वेस्ट इंडीज बेटांतून बोलावून नेलेल्या काळ्या मजुरांची गत पाहा. त्यांचा रहिवासाचा हक्क खरा होता. पण कागद कोणी दिला नव्हता. त्यांतील कित्येकांना म्हातारपणी नोकरीवरून काढले, कोठडीत ठेवले आणि देशाबाहेरही घातले, हे २०१८ साली उघडकीस आले. या अन्यायाचा संघत्यागाशी थेट संबंध नाही; परंतु युरोपीय नागरिकांनी कागदाचा आग्रह का धरला, हे त्यावरून उमजते.

कोणी म्हणेल, लेखक युरोपीय संघाची आरती ओवाळतो आहे. तसे नाही. वंशभेदाविरुद्ध ब्रिटनने स्वतः १९६५, १९६८ आणि १९७६ साली कायदे केले. संघाचा तसा निर्देश २००० साली आला. आणि जातीचे म्हणाल तर दोघांनीही आपणांस पुरते जवळ केले नाही. युरोपीय पार्लमेंटने १० ऑक्टोबर २०१३ रोजी जातिभेदाविरुद्ध ठराव केला. पण ठराव म्हणजे कायदा नव्हे. ब्रिटनच्या पार्लमेंटने त्याच वर्षी, समतेच्या कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करणे मंत्र्यांवर बंधनकारक केले. पाच वर्षे चर्चा आणि जनमताची चाचपणी चालली, आणि जुलै २०१८ मध्ये, म्हणजे सारे सरकार संघत्यागाच्या घोळात असताना, हे बंधनच काढून टाकण्याचा मनोदय जाहीर झाला. आधार उरला तो २०१४ च्या एका निर्णयाचा. भारतातून नेलेल्या आणि अल्प मोबदल्यावर राबविलेल्या एका आदिवासी घरकामगार स्त्रीच्या प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने म्हटले की, वांशिक मूळ या शब्दात जातीचा अर्थ येऊ शकतो. पुढच्या वर्षी तिला थकलेल्या किमान वेतनाचे एक लाख ८३ हजार पौंडांहून अधिक मिळाले. येऊ शकतो आणि येतो, या दोन शब्दांत किती अंतर आहे, हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

बहुमताचा आणखी एक धडा या वादातून मिळतो. मतपत्रिकेवर राहावे की सोडावे, एवढेच विचारले होते. सोडून कोठे जायचे, बाजारपेठेत राहायचे की नाही, आयर्लंडच्या सीमेचे काय, हे विचारलेच नव्हते. म्हणून २७ मार्च २०१९ रोजी कॉमन्स सभेपुढे आठ पर्याय मतास टाकले असता एकासही बहुमत मिळाले नाही. भिक्षुसंघाची रीत आठवा. तेथे ठराव नेमक्या शब्दांत मांडावा लागे, महत्त्वाच्या बाबतीत तो तीनदा उच्चारावा लागे, आणि मतभेद झाल्यास शलाकांनी मते घेत. भारताला लोकशाहीची रीत नवी नव्हती, हे सांगताना बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात याच संघाचा दाखला दिला. आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या तीन न्यायमूर्तींनी, पार्लमेंटच्या संमतीवाचून सरकारने संघ सोडण्याची नोटीस देऊ नये, एवढेच म्हटले, तर एका वृत्तपत्राने त्यांची छायाचित्रे छापून त्यांना जनतेचे शत्रू ठरविले! पुढे सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय आठ विरुद्ध तीन मतांनी कायम केला. संविधाननीती ही निसर्गदत्त भावना नव्हे, ती जोपासावी लागते, असे बाबासाहेब १९४८ साली ४ नोव्हेंबरास घटनासमितीत सांगत होते. लंडनच्या त्या वृत्तपत्राचा अंकही ४ नोव्हेंबरचाच. लोकशाहीची माता म्हणविणाऱ्या देशालाही हा धडा पुन्हा गिरवावा लागला, हे ध्यानात ठेवा.

याच लंडनमध्ये १९३० साली गोलमेज परिषदेत बाबासाहेब उभे राहिले. परकी सत्ता जावी, यात त्यांना शंका नव्हती. त्या सत्तेने अस्पृश्यांसाठी काही केले नाही, हे त्यांनी तिच्याच घरी जाऊन सुनावले. पण त्याच तोंडाने त्यांनी विचारले की, सत्ता जाईल तेव्हा ती कोणाच्या हाती जाईल आणि आमच्या संरक्षणाचे काय? म्हणून त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी संरक्षणाच्या मागण्या लेखी सादर केल्या. देशप्रेमाच्या नावाखाली त्यांच्यावर शिव्यांचा भडिमार झाला. परंतु लेखी मागण्यांमुळेच पुढचा इतिहास घडला. याच्या उलट, जोगेंद्रनाथ मंडल यांनी फाळणीच्या वेळी शब्दांवर भरवसा ठेवला. ज्यांच्या साहाय्याने १९४६ साली बाबासाहेब बंगालमधून घटनासमितीवर निवडून आले तेच हे मंडल. ते पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले, आणि ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा देऊन निराश मनाने भारतात परतले. माणूस प्रामाणिक होता, सनद मात्र नव्हती.

आता आपल्या स्वतःच्या गृहत्यागाकडे वळू. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास घोषणा झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा झाली. मध्ये एकवीस वर्षे. बाबासाहेबांनी या काळात केवळ सोडायचे काय हे सांगितले नाही. १९३६ साली मुंबईच्या परिषदेत त्यांनी प्रश्नाच्या दोन्ही अंगांची चिकित्सा लोकांपुढे केली, धर्म पारखले, आणि दीक्षेच्या दिवशी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत काय टाकायचे तेही आहे आणि काय स्वीकारायचे तेही आहे. ब्रिटनच्या मतपत्रिकेत जे नव्हते ते नागपूरच्या दीक्षाभूमीवर होते.

तरीही या गृहत्यागाची किंमत आपण मोजली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती म्हणजे हिंदूच, अशी अट होती. दीक्षा घेताच केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याने स्थापनेनंतर आपल्या अखत्यारीतील सवलती बौद्धांना दिल्या. केंद्राने आदेश दुरुस्त केला तो १९९० साली, चौतीस वर्षांनी. एक संपूर्ण पिढी या दरीत गेली. आजही विवाहाचा १९५५ चा आणि वारसाचा १९५६ चा कायदा आपल्याला लागू आहे तो हिंदू या नावाखालीच. आपण घर सोडले, पण दप्तरातील नोंद अजून त्या घराच्या नावावर आहे. म्हणून स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी हट्ट नव्हे. अर्धवट राहिलेल्या गृहत्यागाची ती पूर्तता आहे.

ज्यांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे, त्या कुटुंबांना मला वकील म्हणून आणि भाऊ म्हणून हे सांगावयाचे आहे. दीक्षेचा आनंद माना, पण दप्तरही नीट ठेवा. दीक्षेचे प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा आणि आजोबांचा जातीचा पुरावा, हे सारे एका पेटीत जपून ठेवा. धर्मांतर झाले म्हणून जुने दाखले फाडून टाकू नका. ते दाखले अपमानाचे असतील, पण मुलाच्या हक्काचा दोर आज त्यांनाच बांधलेला आहे. कोणी तोंडी आश्वासन दिले, तर ते कोणत्या कलमात आहे, असे नम्रपणे विचारा.

आणि उद्या कोणी तुमच्या दारी येऊन म्हणेल की, अमुक सोडा, तमुक मोडा, नवे घर बांधू, तर लगेच हो म्हणू नका आणि भिऊन नाहीही म्हणू नका. विचारा: सोडून जायचे कोठे? निर्णयात मत कोणाला आहे आणि कोणाला नाही? आमच्यातील सर्वांत दुबळ्या बाईचे काय होईल? आणि हे सारे लिहिले आहे कोठे? ब्रिटनने हे प्रश्न मत दिल्यावर विचारले. बाबासाहेबांनी ते आधी विचारले. घर सोडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण उंबरा ओलांडताना सनद हातात असली पाहिजे.

जयभीम.